द्वारा डॉक्टरसाहेब

लेकीच्या फॉर्मवर पत्ता आम्हीच चुकीचा घातला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा म्हणेल, बाई उगाच दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडते. चुकीचा म्हणजे खोटा पत्ता नव्हे. पत्र बरोबर पोचलं. अगदी वेळेवर पोचलं. त्याचाच तर राग आहे.

पण सुरुवातीपासून सांगते. मोठ्या दुष्काळाच्या साली आम्ही रेणापूरकडं आमच्या खेड्यात होतो. विहिरीत पाणी नाही, रानात काडी नाही. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. थोरली लेक तेव्हा आठ वर्षांची, माझ्या संगं यायची, कारण कामावर लेकरांना सुकडी खायला मिळायची. एके दिवशी लातूरहून एक डॉक्टर आले, कॉलऱ्याची सुई टोचायला. आम्ही बाया भिऊन खडीच्या ढिगामागं दडलो. ही पोरगी मात्र पुढं गेली, दंड पुढं केला, टोचून घेतलं आणि तिथंच उभी राहिली.

डॉक्टर म्हणाले, "काय गं, अजून एक पाहिजे का?"

"न्हाई. ही सुई घडीघडी उकळत्या पाण्यात का टाकताव?"

डॉक्टर हसले. तिला समजावून सांगितलं. मग तिनं दिवसभर त्यांचा कापसाचा डबा धरला. जाताना त्यांनी आमच्या मालकांना, पोरीच्या बापाला, विचारलं, शिक्षण किती? सातवी पास, म्हटल्यावर म्हणाले, लेबल वाचता येतं ना, मग लातूरला या, दवाखान्यात माणूस पाहिजे. ते आमच्याच समाजाचे. आमच्यात भेटल्यावर एकमेकांना शरणार्थ म्हणतात, तसं त्यांनी खडीच्या धुळीत उभ्या असलेल्या आमच्या मालकांना हात जोडून शरणार्थ म्हटलं. आमचे मालक त्या एका शब्दावर जन्मभर विकले गेले.

म्हणजे डॉक्टरांनी आमचं भलं केलंच. मी नाही म्हणत नाही. दुष्काळात आम्हाला उचलून शहरात आणलं. पण उपकाराचं असं असतं, करणारा एकदा करतो आणि घेणाऱ्यानं तो रोज करायचा असतो.

लातूरला गंजाच्या बाजारामागं एका बोळात आम्ही खोली घेतली. मालक दवाखान्यात कंपाउंडर झाले. तेव्हा गोळ्यांची पाकिटं कमी, औषध बाटलीत भरून द्यायचे, लाल नाहीतर पिवळं. बाटलीवर कागदाची उभी पट्टी चिकटवायची, तिला बाजूनं खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे एक डोस. अडाणी माणसालाही कळावं म्हणून. त्या पट्ट्या घरी मी कातरायची. माझ्या शेजारी बसून लेक मोठ्यानं अभ्यास करायची, आणि तिचं ऐकून, तिच्या पुस्तकात डोकावून मी वाचायला शिकले. शाळेची पायरी मी चढले नाही. आज हे लिहिते आहे ते त्या पोरीच्या जिवावर.

डॉक्टरांचा मुलगा आणि आमची लेक एकाच वयाचे, पुढं कॉलेजात एकाच वर्गात आले. मुलगा स्वभावानं गरीब होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचं डॉक्टर होणं तो पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. आजोबा निजामाच्या राज्यात डॉक्टर, बाप डॉक्टर, मग हा आणखी कोण होणार? सुट्टीत त्याला हैदराबादला शिकवणीला पाठवायचे. त्यांच्या माडीवर एक लाकडी पेटी होती, तिच्यात माणसाची हाडं. डॉक्टर शिकत असतानाची. मुलगा त्या पेटीला हात लावत नव्हता, त्याला किळस यायची. आमची लेक माझ्याबरोबर रविवारी माडी झाडायला जायची, आणि झाडून झालं की ती पेटी पुसायच्या निमित्तानं उघडून बसायची.

एकदा डॉक्टरीणबाई वर आल्या. "अगं, पुस तेवढं. खेळू नको त्याच्याशी."

"खेळत नाही काकू. हे डाव्या हाताचं हाड आहे. तुम्ही उजव्याच्या संगं बांधून ठेवलंय."

बाई खाली गेल्या. दुसऱ्या रविवारी पेटीला कुलूप.

मी त्या दिवशी हसले होते. पोरीची जीत झाली म्हणून. आता वाटतं, कुलूप बघून तरी मला समजायला पाहिजे होतं.

बारावीचा निकाल लागला. आमची लेक कॉलेजात दुसरी आली. शास्त्राच्या विषयांत तर तिच्या पुढं कुणी नव्हतंच. डॉक्टरांचा मुलगा पास झाला, एवढंच. दवाखान्यात आमच्या मालकांना लोक म्हणायला लागले, "आप्पा, पोरगी डॉक्टरीण होणार म्हणा की!" आणि मालक काचेच्या खिडकीआडून म्हणायचे, "कशाची होते! साहेबांची कृपा." पोरीनं रात्रंदिवस डोळे फोडले, आणि कृपा साहेबांची!

आता बघा, मेडिकलचा फॉर्म. डॉक्टरांच्या घरात फॉर्म कधी निघतो, कुठं मिळतो, कशाची नक्कल जोडायची, ती खरी आहे म्हणून कुणाची सही घ्यायची, हे सगळं भाकरी मोडता मोडता बोललं जायचं. आमच्या घरात जेवताना उद्या पाणी कुणी भरायचं ते बोललं जायचं. माणसं म्हणतात हुशारी असली की झालं. हुशारी आमच्याकडं होती हो. फॉर्म निघालेत हे मात्र आम्हाला डॉक्टरांच्या मुलानंच येऊन सांगितलं, मुदत संपायला चार दिवस राहिले तेव्हा. त्यानं सांगितलं म्हणून तरी कळलं.

चार दिवस लेक धावली. तहसीलला गेली, तर तिथं अर्धी कपाटं रिकामी. त्या पावसाळ्यात लातूरचा नवा जिल्हा होणार होता. कागद कुठले कुठं चाललेले, कारकून म्हणायचा, "उस्मानाबादचा शिक्का देऊ का लातूरचा देऊ, मलाच माहीत नाही बाई, तू कुठली म्हणू?" ती तिथं दोन दिवस बसून राहिली, पण उत्पन्नाचा दाखला घेऊनच उठली. सगळं झालं. राहिला एक रकाना. पत्रव्यवहाराचा पत्ता.

आमच्या बोळातल्या खोलीला नंबर नव्हता. पण हे कारण खरं नव्हे. पोस्टमन आम्हाला ओळखत होता. खरं कारण असं की आमच्या बोळात एक रीतच पडली होती. लग्नपत्रिका असो, नोकरीचा अर्ज असो, कागदावर पत्ता दवाखान्याचा द्यायचा. द्वारा डॉक्टरसाहेब. मोठ्या माणसाचं नाव आपल्या नावाखाली असलं की आपणही बोटभर उंच दिसतो, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. मालक म्हणाले, "दवाखान्याचाच पत्ता घाल. तिथले लोक बघतील, म्हणतील पोरगी चांगल्या घरातली आहे."

लेक म्हणाली, "आप्पा, आपल्याच घरचा घालू. पोस्टमनला मी रोज विचारीन."

"तुला काय कळतंय? असली पत्रं रजिस्टरनं येतात. घराला कुलूप असलं तर परत जाईल."

ती माझ्याकडं बघायला लागली. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आप्पा म्हणतात ते बरोबर आहे." एवढंच. माझ्या तोंडून एवढंच निघालं.

मग आम्ही वाट बघत बसलो. मालक दवाखान्यात रोज टपाल बघायचे. पण ते आतल्या खिडकीत बसणार, बाटल्या भरणार. रजिस्टरचं टपाल पोस्टमन सरळ डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन सही घ्यायचा. तेवढं आमच्या ध्यानात आलं नाही.

एके दिवशी दुपारी लेकीची एक मैत्रीण आली. उदगीरकडची, बाप शाळामास्तर. तिला मेडिकलला जागा मिळाली होती, ते सांगायला ती पळत आलेली. दारातच म्हणाली, "काय गं, तू का आली नाहीस औरंगाबादला मुलाखतीला?"

लेक म्हणाली, "कसली मुलाखत? पत्रच आलं नाही अजून."

"असं कसं? तुझं नाव माझ्या आधी होतं. तीनदा पुकारलं की गं! मी म्हटलं, थांबा हो, येईल, गाडीला उशीर झाला असेल."

माझ्या हातात कातर होती. पट्टी अर्धी कातरलेली. लेक उठली आणि तशीच अनवाणी निघाली. मी तिच्या मागं.

दवाखान्यात गर्दी होती. आम्ही सरळ आत घुसलो. मी विचारलं, "डॉक्टरसाब, पोरीचं पत्र आलंय का?"

माणूस दचकतो, काही लपवतो, उडवाउडवी करतो. त्यांनी काहीच केलं नाही. शांतपणे टेबलाचा खण ओढला आणि पत्र काढून दिलं. फोडलेलं. वर अगदी मायेनं म्हणाले, "अक्का, बसा आधी. मीच ठेवलं होतं ते. तुमच्या भल्यासाठी. अहो, साडेचार वर्षं शिकायचं, वर आणखी एक. हॉस्टेल, मेस, पुस्तकं. कंपाउंडरला झेपणार आहे का? अर्ध्यातून परत आली तर पोरीचं मन मोडेल. त्यापेक्षा नांदेडला नर्सिंगला घालू. माझी तिथं ओळख आहे. तीन वर्षांत कमवायला लागेल, लग्न करा, मोकळं व्हा."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता की."

आजवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ खोटं सांगितलं, ते मी विसरले. हे खरं बोलणं मला विसरता येत नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही!

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी लेकीला घेऊन औरंगाबादला गेले. मालक आले नाहीत. "आता जाऊन काय उपयोग?" म्हणाले. एक दिवस एस.टी.त गेला, मठात मुक्काम केला, सकाळी त्या ऑफिसात उभं राहिलो. कारकून माणूस बरा होता. त्यानं मोठं रजिस्टर काढून दाखवलं. लेकीचं नाव, पुढं मार्क, आणि त्याच्या पुढं लाल शाईनं गैरहजर. तिच्या खालच्या नावांना जागा मिळालेल्या.

मी म्हटलं, "साहेब, ती गैरहजर नव्हती हो. तिला कळवलंच नाही."

"बाई, पत्र पोचल्याची सही आहे आमच्याकडं. आठ दिवस आधीची. घरच्याच माणसानं घेतलंय की." त्यानं पोचपावती पुढं केली. डॉक्टरांची सही. आमच्या घरचा माणूस!

मग त्यानं लेकीचा कागद चाळला आणि चुकचुकला. "उत्पन्न इतकं कमी आहे, तर हिला फी माफच होती. वसतिगृहालाही मदत मिळाली असती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? ज्या डॉक्टरांनी आमच्या झेपण्या न झेपण्याचा हिशेब केला, त्यांना फी माफ होते हे माहीतच नव्हतं. त्यांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी फी माफ करून घेतली नव्हती. आमची गरिबी त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते असं त्यांना वाटत होतं, आणि कळत काहीच नव्हतं.

लेकीनं विचारलं, "सर, पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी अर्ज कर, पण नव्या मुलांच्या मार्कांशी तुलना होईल. नियम काय असेल ते आज सांगता येत नाही."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. मीच बडबडत होते. शेवटी म्हणाली, "अव्वा, गप बस जरा. मी तीनदा पुकारल्यावर हजर म्हणून बघतेय."

आम्ही परत आलो आणि चार-पाच दिवसांत लातूर जिल्हा झाला. गावभर कमानी, पताका, वाजंत्री. जो तो म्हणतोय, आता कचेरी इथं, मोठा दवाखाना इथं, आता कशालाही बाहेर जायला नको. मी मालकांचा डबा घेऊन दवाखान्यात गेले, तर डॉक्टर दारात पेढे वाटत उभे. त्यांच्या मुलाला कर्नाटकात देणगी भरून मेडिकलला जागा मिळाली होती. दोन्ही आनंद एकाच खोक्यात.

"घ्या, घ्या! जिल्हा झाला, आणि आमचा बाळही डॉक्टर झाला!"

बाकावर बसलेला एक म्हातारा पेशंट म्हणाला, "झाला? आजून गेला बी न्हाई की."

"गेला म्हणजे झालाच हो!"

पेढा माझ्या पुढं आला. मी हात मागं घेतला. म्हटलं, "डॉक्टरसाब, तुमच्या बाळाचं पत्र कुणी खणात ठेवलं असतं तर?"

डॉक्टरांनी खोकं खाली घेतलं. ते हळू आवाजात म्हणाले, "अक्का, त्याची गोष्ट वेगळी आहे."

"काय वेगळी? मार्क तर हिच्यापेक्षा कमी."

"मार्कांचं नसतं ते. डॉक्टरकी आमच्या रक्तात आहे. आजोबांपासून."

"रक्तात साखर असते डॉक्टरसाब. तुम्हीच सांगता की रोज सगळ्यांना."

म्हातारा फिस्सकन हसला. बाकावरच्या दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसल्या. डॉक्टरांचं तोंड लाल झालं. आणि आतल्या खिडकीतून आमचे मालक बाहेर आले, माझ्या हातातला डबा घेतला आणि म्हणाले, "चल घरी. लाज आणलीस."

घरी आल्यावर जे झालं ते झालं. मालक म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं." मी म्हटलं, "मीठ खाल्लं म्हणून लेक खायला द्यायची का?" त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन नांदेडला गेले आणि नर्सिंगचा फॉर्म भरून आले. त्यावर पत्ता काय घातला ते मी विचारलं नाही. लेक म्हणत होती, एक वर्ष थांबते, पुन्हा अर्ज करते. पण तिच्या पाठीवर दोन भावंडं, बाप उपाशी बसलेला, आणि बोळातल्या बाया येऊन सांगायच्या, "नर्स म्हणजे अर्धी डॉक्टरच की गं!" मी भांडले. आरडाओरडा केला. पण ती ट्रंक घेऊन निघाली तेव्हा दार अडवून उभी राहिले नाही. राग फक्त डॉक्टरांवर आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल. मालकांवर आहे. ते गेले, त्यांच्या फोटोला मी रोज विभूती लावते, तरी आहे. माझ्यावर आहे. आणि उपकाराच्या नावाखाली दुसऱ्याच्या लेकराचं पत्र उघडायचा हक्क कुणाला तरी देऊन टाकणाऱ्या त्या आमच्या रीतीवर सगळ्यात जास्त आहे.

डॉक्टरांचा मुलगा डॉक्टर झाला. वाईट नाही झाला, मी खोटं बोलणार नाही. दवाखान्याचं तीन मजली हॉस्पिटल झालं, त्याची मुलगी डॉक्टर, जावई डॉक्टर. परवा एका लग्नात कुणीतरी म्हणालं, आता परीक्षा असते, वशिला चालत नाही, ज्याच्या अंगी आहे तो पुढं जातो. नांदेडला बघावं तिकडं क्लासच्या पाट्या, पाट्यांवर लेकरांचे फोटो. मी त्या फोटोंखालची नावं वाचत जाते. आडनावं वाचते. आई-बाप काय करतात तेही कधी कधी लिहिलेलं असतं. एखाद्या फोटोखाली मजूर लिहिलेलं असलं की तो फोटो सगळ्यात मोठा लावतात. नवल म्हणून लावतात! मजुराचं पोर डॉक्टर होणं अजून नवलच आहे, हे त्या पाटीवरच लिहिलेलं आहे, आणि लोक वाचून टाळ्या वाजवतात.

लेकीनं नोकरी नांदेडला केली, मधली काही वर्षं धर्माबादला, नायगावला. मी आता तिच्याजवळच असते. तिच्या हाताखालून किती शिकाऊ डॉक्टर गेले, त्याला मोजदाद नाही. लहान लेकराची शीर सापडत नसली की वॉर्डातून हाक यायची, सिस्टरला बोलवा. ती शीर शोधून द्यायची आणि बाजूला व्हायची.

ती रिटायर झाली त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी भाषण केलं. सेवा सिस्टरच्या स्वभावातच आहे, म्हणाले. टाळ्या झाल्या. घरी आल्यावर तिनं निरोपाला मिळालेली साडी पिशवीतून काढली आणि घडी नीट करत बसली. आजवर मी जे विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं. "खरं सांग. कधी वाटायचं का गं?"

"रोज वाटायचं अव्वा," ती म्हणाली. "राउंडला डॉक्टर पुढं, फाइल धरून मी मागं. नवीन पोरगं असायचं, चुकीचं औषध लिहायला लागलं की मला दिसायचं."

"मग काय करायचीस?"

"विचारायची. सर, हे असं असेल का? सर, तो दुसरा डोस देऊन बघायचा का? चुकलात म्हणायची सोय नव्हती. जन्मभर मी डॉक्टरकी केली अव्वा, पण ती सगळी विचारून विचारून केली."